ईस्टर होऊ द्या

दोन तोंडांची माणसं मी नोकरीत पुष्कळ पाहिली. पण दोन्ही तोंडांनी टाळ्या घेणारा एकच पाहिला, आणि तो आमच्याच वार्डाचा मेंबर निघाला.

मी नगरपालिकेच्या दवाखान्यात नर्स होते. वर्धा जिल्ह्यातलं, रेल्वेलाइनवरचं गाव. कापडाची एक मिल होती आणि तिच्या भोंग्यावर अख्खं गाव उठायचं, जेवायचं, झोपायचं. माझं माहेर आष्टीकडचं. बाबांनी बुद्धाची दीक्षा घेतली त्या दिवशी घरातले देव टोपलीत भरून नदीला सोडून आले. आजी रडली, शेजारपाजारचे हसले. बाबा म्हणाले, "धरायचं तं धरायचं, सोडायचं तं सोडायचं. अर्धं घरात अन् अर्धं नदीत, असं नाई चालत." त्यांच्या हाताखाली वाढलेली मी. धर्म सोडलेला माणूस मला कळतो, कडक पाळणाराही कळतो. धर्म खिशात ठेवून सोयीनं बाहेर काढणाऱ्याला मात्र मी माणसांत धरत नाही. तापट बाई म्हणून गावात माझी ख्याती होती आणि ती खोटी नव्हती.

मेंबरला सगळे साहेब म्हणायचे. कॅथॉलिक घरातले. वडील रेल्वेच्या नोकरीपायी दक्षिणेकडून आले आणि इथलेच झाले. साहेब स्वतः गार्ड होते, रिटायर होऊन राजकारणात शिरले. उंच, गोरे, कडक इस्त्रीची पँट, डोक्यावर तपकिरी हॅट. आवाज असा की 'उद्या नळाला पाणी येणार नाही' एवढंच म्हणाले तरी ऐकणाऱ्याला भरून यावं. स्टेशनाच्या मागं छोटं चर्च होतं. रविवारी तिथं पहिल्या बाकावर साहेब, आणि सभेच्या दिवशी नगरपालिकेत पहिल्या खुर्चीवर साहेब. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. विषय कुठलाही काढा, ते म्हणायचे, "व्यक्ती म्हणून माझं मत वेगळं आहे, मेंबर म्हणून वेगळं आहे." लोक माना डोलवायचे. काय मोठा माणूस! याला दोन दोन मतं, आणि आमच्यासारख्यांना एकाचीच मारामार.

गर्भपाताचा कायदा झाला त्यानंतर दोनेक वर्षांनी आमच्या नगरपालिकेत तो विषय आला. डॉक्टरला वर्ध्याला ट्रेनिंगला पाठवायचं आणि दवाखान्यातली एक खोली त्या कामाला द्यायची, असा ठराव. सभेला डॉक्टर कधी जात नसत, 'माझं ब्लडप्रेशर वाढते' म्हणायचे, म्हणून रजिस्टर घेऊन मला बसवलं होतं. मेंबर लोकांचे चेहरे पाहण्यासारखे होते. गर्भ हा शब्द उच्चारला की एकेक जण पंख्याकडे बघायचा. एक कापसाचे व्यापारी होते, मुंगीला साखर घालणारे. ते अहिंसेवर पंधरा मिनिटं बोलले. यांच्याच जिनिंगमध्ये बाया नवव्या महिन्यापर्यंत रुईचे बोजे उचलायच्या आणि बाळंतपणाला आठ दिवस मागितले की यांच्या तोंडाला कुलूप लागायचं. ती अहिंसा वेगळी.

मग साहेब उठले. "व्यक्ती म्हणून मी ख्रिस्ती आहे," ते म्हणाले. "जीव देणारा तो आणि नेणारा तो. पण या खुर्चीवर मी व्यक्ती नाही, जनता आहे. माझी श्रद्धा मी जनतेच्या आड येऊ देणार नाही." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, खोटं कशाला सांगू. मला वाटलं, एक तरी मर्द निघाला.

आणि मतदानाची वेळ आली तशी साहेबांनी हॅट काढून खुर्चीवर ठेवली आणि बाहेर व्हरांड्यात चहा प्यायला गेले.

ही आमच्या नगरपालिकेची जुनी रीत होती. अडचणीचा विषय आला की मेंबर आपली टोपी खुर्चीवर ठेवायचा आणि बाहेर पडायचा. टोपी आहे म्हणजे मेंबर हजर. मेंबर हजर आणि विरोधाचा हात वर नाही, म्हणजे मंजुरी. बडे बाबू टोप्या मोजायचे आणि रजिस्टरात लिहायचे, एकमताने मंजूर. बाहेर कुणी गाठून विचारलं तर मेंबर छातीवर हात ठेवून सांगायला मोकळा, मी तर आत नव्हतोच बाप्पा! त्या दिवशी पांढऱ्या टोप्यांच्या रांगेत एक तपकिरी हॅट होती. अध्यक्ष, बडे बाबू, मी आणि टोप्या. एवढ्या जणांनी मिळून तो ठराव पास केला.

पुढं काय झालं ते विचारू नका. डॉक्टर ट्रेनिंगला गेलेच नाहीत, ब्लडप्रेशर. खोली मिळाली, पण तीत डीडीटीचे डबे होते, ते तिथंच राहिले.

मग आणीबाणी आली. नसबंदीची शिबिरं सुरू झाली. नसबंदी साहेबांच्या धर्मात बसत नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं, नंतर कळलं. पण साहेबांना माहीत होतं ना! तरी हॅट घालून शिबिराच्या दारात उभे. शेतातून, बाजारातून धरून आणलेल्या माणसांच्या पाठीवर थोपटायचे आणि फॉर्मांचे गठ्ठेच्या गठ्ठे सही करून द्यायचे. वरून हुकूम आला की यांची श्रद्धा कुठं जाऊन बसायची कोण जाणे. ती कलेक्टरला भ्यायची आणि आमच्यासारख्या गरिबावर भुंकायची, एवढं खरं.

आता चिठ्ठीचं सांगते, कारण सगळं तिच्यापायी झालं. वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात पेशंट न्यायचा तर आमच्या गावात दोन चिठ्ठ्या लागत. एक डॉक्टरची, एक वार्डाच्या मेंबरची. डॉक्टरच्या चिठ्ठीत आजार असायचा आणि मेंबरच्या चिठ्ठीत माणूस: सदर इसम माझ्या ओळखीचा व गरीब असून त्यास दाखल करून घ्यावे. बिनचिठ्ठीच्या पेशंटला तिथं खाट देत नाहीत, दारातूनच वापस लावतात, हे गावातलं शेंबडं पोरही सांगायचं. मीही पेशंटना तेच सांगायचे. आमच्या गावातून बिनचिठ्ठीचं कुणी कधी गेलंच नव्हतं.

आणीबाणी उठल्यानंतरच्या वर्षाची गोष्ट. आमच्या वार्डात मिलच्या चाळीत एक बाई राहायची. नवरा मिलमध्ये कामाला. लहानपणी सांध्यांचा ताप येऊन तिच्या काळजाची झडप खराब झालेली होती. चार लेकरं. चौथ्याच्या वेळी माझ्या हातात तिचे ओठ निळे पडले होते आणि नाडी सापडेना. वाचली ती नशिबानं, माझ्या हुशारीनं नाही. डॉक्टरांनी तेव्हाच नवऱ्याला बजावलं होतं, आणखी एक बाळंतपण आणि ही बाई गेली. त्याआधी शिबिरवाले त्याला धरायला आले तेव्हा गडी हिंगणीला मेहुण्याकडं पळून गेला होता. मी त्याला नंतर असल्या शिव्या घातल्या होत्या की बाजूच्या खोलीतल्या माझ्या सासूबाईंनी कानावर पदर घेतला.

ती बाई मोठी हसरी. चाळीपासून दवाखाना दोन मिनिटांचा रस्ता, तिला दोनदा बसावं लागायचं. बसायच्या जागांना तिनं स्टेशनांची नावं ठेवली होती. पिंपळाचा पार म्हणजे बडनेरा, पानठेल्याची पायरी म्हणजे धामणगाव. "आज पॅसेंजर लेट हाये बाई," म्हणत धापा टाकत यायची. त्या दिवशी आली ती काहीच न बोलता बाकावर बसली. मी पाण्याचा गिलास दिला. पाणी पिऊन म्हणाली, "बाई, पुन्हा राह्यलं."

मी तपासलं. तिसरा महिना सरत आला होता.

"इतके दिवस काऊन बसली घरी?" मी ओरडले.

"धाकटं आंगावर पेते वो बाई, मले काय समजलं. वाटलं, त्याच्यानंच पाळी नाई." मग माझा हात धरून म्हणाली, "मले मरायचं नाई. मी मेली तं या चार पोट्ट्यांले कोन पाह्यते? यायच्या बापाले तं भात बी शिजवता येत नाई."

डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि बराच वेळ काढली नाही. म्हणाले, "हे काढूनच टाकावं लागेल, आणि वर्ध्यालाच. काळजाचे डॉक्टर हाताशी पाहिजेत. पाच महिन्यांपर्यंत कायदा आहे, पण हिला तेवढा वेळ नाही. या आठवड्यात गेली तर सोपं आहे. जसजसे दिवस जातील तसतसं अवघड." त्यांनी आपली चिठ्ठी लगेच लिहिली. म्हणाले, "साहेबांची तेवढी घेऊन टाका."

दुसऱ्या दिवशी सकाळी मीच गेले साहेबांच्या बंगल्यावर. साहेब चर्चमधून नुकतेच आले होते, कपाळावर राखेचा ठिपका. मला खुर्ची दिली, चहा सांगितला. मी चिठ्ठी मागितली. त्यांनी पेन काढलं, टोपण उघडलं आणि सहज विचारलं, "आजार काय आहे, सिस्टर?"

इथं माझी चूक झाली. बाकी लोक काय सांगायचे? पोटाचा त्रास. बायकी आजार. पोटाच्या त्रासाच्या असल्या कितीतरी चिठ्ठ्या साहेबांनी दिल्या होत्या. मला माहीत होतं, कारण वर्ध्याहून पोट रिकामं करून परतलेल्या बाया माझ्याकडेच गोळ्या न्यायला यायच्या. साहेबांनाही माहीत असणार, एवढे भोळे ते नव्हते. पण मला ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय नाही. शिवाय भर सभेत 'मी जनता आहे' म्हणालेला माणूस समोर बसलेला. मी सरळ सांगितलं. काळीज खराब आहे, बाळंतपणात मरेल, गर्भ पाडायचा आहे.

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. "सिस्टर," ते दुखावल्या आवाजात म्हणाले, "हे तुम्ही मला सांगायला नको होतं. सांगितलं नसतं तर मी दिली असती."

"मंग समजा की नाई सांगतलं."

"आता ऐकलं ना मी."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. म्हणजे देवाला फसवायचं तर चालतं, फक्त कानावर येऊ द्यायचं नाही! मी म्हटलं, "साहेब, सभेत तं तुम्ही जनता होते."

"होतो. आहे. मेंबर म्हणून माझा विरोध नाहीच. पण सही करणारा हात ख्रिस्ती माणसाचा आहे. आणि आज राखेचा बुधवार. आजपासून चाळीस दिवस आमचे उपवासाचे. या दिवसांत असल्या कागदाला मी हात लावू शकत नाही. ईस्टर होऊ द्या, सिस्टर. मग मेंबर म्हणून बघतो."

"पोट उपवास करत नसते साहेब. ते वाढते."

"आपण प्रार्थना करू," साहेब म्हणाले. तेवढ्यात चहा आला. मी तो तिथंच ठेवून उठले.

लगोलग कापसाच्या व्यापाऱ्याकडे गेले. ते माळ ओढत बसले होते. बाजूच्या वार्डाचे मेंबर, त्यांचीही चिठ्ठी चालली असती. आधी त्यांनी मला बसायला सांगितलं, मग वार्ड विचारला, मग म्हणाले, "दुसऱ्याच्या वार्डात आपण हात घालत नाही बाई. आपलं तत्त्व आहे ते." यांची तत्त्वं बघा! निवडणुकीत दुसऱ्याच्या वार्डातली अख्खी मतं पळवताना हेच तत्त्व कुठं चरायला गेलं होतं?

दर चार दिवसांनी मी साहेबांच्या फाटकाशी. कधी झोपलेले, कधी प्रार्थनेला गेलेले, कधी फाटकातूनच नमस्कार करून 'ईस्टर होऊ द्या'. इकडे ती बाई दर आठवड्याला येत होती. आता तिला तिसरं स्टेशनही लागायला लागलं, दवाखान्याच्या फाटकातच. त्याला तिनं नाव ठेवलं नाही. पायांवर सूज. रात्री आडवं झालं की जीव घाबरा व्हायचा म्हणून भिंतीला टेकून बसून झोपायची. "भेटली का वो बाई चिठ्ठी?" एवढंच विचारायची.

एकदा मला राहवलं नाही, मी चर्चच्या फादरकडे गेले. म्हातारा माणूस, तोडकं मराठी. म्हटलं, तुमच्या साहेबांना समजवा. फादरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सिस्टर, माझ्या दृष्टीनं ते पाप आहे. मी कधी दुसरं सांगणार नाही. बाईला इथं आणा. दूध देतो, औषध देतो, चार लेकरांचं मी बघतो."

"लेकरांचं बघाल हो. मायचं कोण बघंल?"

अर्धा तास आम्ही कडाकडा भांडलो. मला त्यांचं एक अक्षर पटलं नाही, आजही पटत नाही. पण माणूस एका जागी उभा होता, म्हणून भांडता तरी आलं. निघताना ते म्हणाले, "तुमच्या मेंबरनी तेव्हाही आम्हाला सांगितलं होतं. त्या ठरावात त्यांनी भाग घेतला नाही, सभा सोडून बाहेर गेले. आम्ही सगळ्यांनी त्यांच्यासाठी टाळ्या वाजवल्या."

मी त्यांना हॅटचं सांगितलं. बडे बाबूंच्या रजिस्टरात साहेब मंजुरीत आहेत, ते सांगितलं. फादर मग म्हणाले, "टोपीचं मला कुणी बोललं नव्हतं." मला त्यांची कीव आली.

ईस्टर झाला. सोमवारी सकाळी मी बंगल्यावर हजर. घरात केक, पाहुणे, नवे कपडे. साहेब बाहेर आले, चेहरा प्रसन्न. म्हणाले, "सिस्टर, चाळीस दिवस मी या प्रश्नावर प्रार्थना केली. माझा विवेक होकार देत नाही. पण मी आडही येणार नाही. मेंबर म्हणून माझा पूर्ण पाठिंबा आहे, असं तुम्ही कुणालाही माझ्या नावानं सांगू शकता."

"तेच कागदावर लिहून द्या."

"तेवढं सोडून."

मी काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. पाहुण्यांतली एक बाई उठून आत गेली, एवढं आठवतं. साहेब मात्र शांत. त्यांनी एका बशीत केकचा तुकडा घालून माझ्यापुढं धरला. अशा माणसाचं काय करायचं हो? शिवी द्या, केक देतो.

संध्याकाळी मी चाळीत गेले आणि नवऱ्याला सांगितलं की चिठ्ठी मिळत नाही. तो बायकोकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मंग बिनचिठ्ठीचंच नेऊ बाई. हाकलतीन तं हाकलतीन. तुमी फक्त संगं चला." मी रजेचा अर्ज टाकला आणि दोन दिवसांनी सकाळच्या पॅसेंजरनं आम्ही तिघं वर्ध्याला गेलो. ती खिडकीला डोकं टेकून बसली होती. धाकट्याला शेजारणीकडं ठेवलं होतं, त्याची तिला सारखी आठवण येत होती.

दवाखान्यात त्या दोघांना बाहेरच्या बाकावर बसवून मी आमच्या डॉक्टरांचा कागद घेऊन आत गेले. चिठ्ठी नाही म्हणून काय काय बोलायचं ते गाडीत पाठ केलं होतं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, चष्मा लावलेल्या. त्यांनी कागद वाचला, तारीख बघितली, आणि मी तोंड उघडायच्या आधीच बेल मारून स्ट्रेचर बोलावलं.

"मॅडम," मी म्हटलं, "मेंबरची चिठ्ठी नाही आमच्याजवळ."

"कसली चिठ्ठी?"

मी सांगितलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी खुळी आहे की काय. म्हणाल्या, "ती तुमच्या गावचे लोक आणतात ना? आम्ही कधी मागितली नाही. आणतात म्हणून ठेवून घेतो आणि महिन्याच्या महिन्याला रद्दीत देतो." मग कागदावरच्या तारखेवर बोट ठेवून म्हणाल्या, "हा कागद सहा-सात आठवड्यांपूर्वीचा आहे. तुम्ही नर्स आहात ना? तेव्हाच का नाही आणलीत?"

मी काय सांगणार? ईस्टर व्हायचा होता म्हणून?

त्यांनी तपासलं, मोठ्या डॉक्टरांना बोलावलं, त्यांनी तपासलं. पाचवा महिना भरत आला होता आणि फुप्फुसांत पाणी धरायला लागलं होतं. आता हात लावला तर टेबलावरच जाईल, आणि नाही लावला तर बाळंतपणात. दोन्हीत कमी वाईट ते करू, इथंच ठेवून घेऊ, असं म्हणाले. मी बाहेर आले. नवरा उठून उभा राहिला. "काय म्हनते बाई? चिठ्ठी मागतली का?"

मी म्हटलं, "उशीर झाला म्हणतात." एवढंच म्हटलं.

दोनअडीच महिने ती तिथंच होती. सुट्टीला मी जायचे, कधी अंबाडीची भाजी-भाकर घेऊन. ती दोन घास खायची आणि लेकरांचं विचारायची. आठव्या महिन्यात तिला कळा आल्या. मुलगी झाली, मुठीएवढी, पण जगली. माय त्याच दुपारी गेली. चाळीत तिची मिट्टी आणली तेव्हा साहेब आले होते. हॅट हातात, डोळे ओले. "देवाची इच्छा," म्हणाले. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं नाही, नाहीतर तिथंच काहीतरी झालं असतं.

त्यानंतर बरीच वर्षं निवडणुकाच झाल्या नाहीत. झाल्या तेव्हा ती मुलगी पहिलीत जात होती. तिच्या थोरल्या बहिणीनं शाळा सोडून तिला वाढवलं होतं. पोरगी लसीला, खोकल्याला माझ्याकडे यायची, मायसारखीच हसायची. ती नसती तर बरं झालं असतं असं कुणी माझ्या तोंडून काढून दाखवावं. निघणार नाही. पण तिची माय असायला पाहिजे होती, हेही मी गिळणार नाही.

साहेब पुन्हा उभे राहिले. निवडूनही आले, ते आधीच सांगून टाकते, उगाच कुणी आशेवर राहू नये. मिलच्या चौकात त्यांची सभा होती आणि चाळीतली पोरंसोरं पुढं बसली होती. साहेबांचे केस पिकले होते, आवाज तोच. नगरपालिकेनं माताभगिनींसाठी कायद्यानुसार सोय करण्याचा ठराव घेतला तेव्हा आपण तिथल्या हॉलमध्ये काय भाषण केलं होतं, ते त्यांनी अख्खं म्हणून दाखवलं. श्रद्धा बाजूला ठेवून मी जनतेबरोबर उभा राहिलो, म्हणाले. टाळ्या. डीडीटीचे डबे अजून त्याच खोलीत होते, पण ते कोण बघायला जातंय?

मग त्यांनी वाकून पहिल्या रांगेतून त्या मुलीला उचललं आणि टेबलावर उभं केलं. "आणि ही लेक बघा," साहेब म्हणाले. "एके दिवशी एक कागद माझ्यासमोर आला होता. मी सही केली असती तर ही आज नसती. मेंबर म्हणून काय वाट्टेल ते बोलू द्या मला, व्यक्ती म्हणून मी माझ्या देवाला जागलो."

पुन्हा टाळ्या! त्याच लोकांच्या, त्याच हातांच्या. एकाच्याही डोक्यात आलं नाही की अरे, आताच तर उलटं वाजवलं आपण. मी गर्दीतून वाट काढायला लागले, काय करणार होते मलाच माहीत नव्हतं. माझ्याआधी तिचा बाप पोचला. मिलच्या कपड्यांतच होता, डोक्याला सुताचा भुगा. स्टेजवर चढला आणि पोरीला टेबलावरून खाली घेतलं. कधी कुणापुढं न बोललेला माणूस. माईक तिथंच होता म्हणून सगळ्यांना ऐकू गेलं.

"साहेब, पोरगी तुमी वाचवली म्हनता. मंग हिची माय कोनं मारली, ते बी सांगून टाका."

साहेब खिशातला रुमाल शोधायला लागले. कार्यकर्त्यांनी घाईनं रेकॉर्ड लावली. लोक पानठेल्याकडे पांगले.

तो पोरीला कडेवर घेऊन गर्दीतून सरळ माझ्याकडे आला. सहा वर्षांची घोडी, तरी कडेवर. मला म्हणाला, "बाई, कोनी काई बी म्हनो, तुमचे उपकार नाई फिटनार. तुमी त्या चिठ्ठीपायी किती हेलपाटे घातले, मी डोळ्यानं पाह्यलं. तेवढी चिठ्ठी टायमावर भेटली असती, तं वाचली असती ते."

त्या चिठ्ठीशिवाय तिला त्याच आठवड्यात नेता आलं असतं. न्यायला पाहिजे होतं, आणि न नेणारी मी होते. चाळीस दिवस साहेबांच्या फाटकाशी हात जोडून उभी राहणारी, आणि चिठ्ठीशिवाय खाट मिळत नाही असं त्याला पहिल्यांदा सांगणारीही मीच. सगळं ओठांवर आलं होतं. साहेबांना पाण्यात पाहायला मला जन्म पुरला नाही, आणि हे एक वाक्य तोंडातून निघेना.

"हो," मी म्हटलं, "वाचली असती." आणि पोरीला विचारलं, जेवलीस का गं तू.